खात्रीबाईंची दुसरी सही

खात्रीबाई घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघत. एकदा स्वतःच्या समाधानासाठी, एकदा यजमानांच्या वतीनं, आणि तिसऱ्यांदा, त्यांच्याच शब्दांत, "कुलपालाही कळू दे कुणाचं तरी लक्ष आहे ते." मग जिना उतरून रस्त्यावर आल्या की मान वर करून खिडकीकडे बघत आणि मगच चालू लागत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि जुन्या लग्नपत्रिकेवर, एवढ्या दोनच ठिकाणी उरलं होतं. बाकी जगाला त्या खात्रीबाई. नावाचा त्यांना राग नव्हता. ते पहिल्यांदा कुणी ठेवलं, याची मात्र त्यांनी कसून चौकशी केली होती.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. "माझ्याकडे लोक येतात ते दिसत नाही म्हणून," ते गिऱ्हाइकांना सांगत, "आणि आमच्या घरात जी आहे, तिला नसलेलंही दिसतं." बाई हे ऐकून हसत नसत. गिऱ्हाईक किती हसलं, कसं हसलं, हे बघत.

पण घरात ज्या स्वभावाची थट्टा होई, तोच स्वभाव कामावर दागिन्यासारखा मिरवला जाई. बाई एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला होत्या. बिनखिडकीची थंडगार दालनं, ओळीनं उभी लोखंडी कपाटं, कपाटांत एकावर एक रचलेले सर्व्हर, आणि पंख्यांची एकसुरी घरघर, जणू तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडायची वाट बघत बसलेलं प्रेक्षागृह. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर एक स्विच बसवलेला असे. कपाटातली माहिती बाहेर न्यायची आणि बाहेरची आत आणायची, हे त्याचं काम. दालनाच्या मधोमध चार मोठे स्विच. प्रत्येक कपाटाच्या तारा त्या चौघांकडे जात. कपाटांची आपसात थेट तार नाही. सहा नंबरच्या कपाटाला नऊ नंबरशी बोलायचं तर मधल्या चौघांपैकी कुणाला तरी मध्ये घ्यावंच लागे.

आता या मंडळींनी एकमेकांना रस्ते कसे सांगायचे, कुणी कुणाचं किती ऐकायचं, याची एक रीत ठरवावी लागते. तिला म्हणतात राउटिंग प्रोटोकॉल. सोयरिकीसारखंच असतं हे. ठरवताना चार दिवस लागतात आणि निभावावी लागते जन्मभर. नवं दालन उभं राहत होतं, त्याची रीत ठरायची होती, आणि बाईंच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ती ठरवायचा मान त्यांच्याकडे चालून आला होता.

जुन्या दालनात ओएसपीएफ नावाची रीत होती. तिच्यात प्रत्येक स्विच आपल्या तारांची खबर सगळ्यांना देतो. खबर जशीच्या तशी पुढे जाते, आणि जो तो आपापल्या डोक्यात सबंध दालनाचा नकाशा काढतो. एकत्र कुटुंबासारखा कारभार. कुणाचं काही लपून राहत नाही, आणि एकाला शिंक आली की सगळे रुमाल काढतात. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी असंच झालं होतं. एका तारेचं टोक सैल होतं. ती लागे, सुटे, परत लागे. प्रत्येक वेळी खबर सगळीकडे, प्रत्येक वेळी सगळ्यांचे नकाशे नव्यानं. दोन तास दहा मिनिटं अख्खं दालन नकाशेच काढत बसलं आणि बाहेर बसची तिकिटं निघेनात, दवाखान्यांचे रिपोर्ट उघडेनात. त्या दुपारी पाळी बाईंची होती. "कुणी केलं?" असं विचारणं झालं तेव्हा सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. सैल टोकाकडे कुणी पाहिलं नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो. बाई तर पाणीही फुंकायला लागल्या. त्यांनी साहेबांमागे लागून एक नियम करून घेतला. दालनात कुठलाही बदल करायचा तर वहीत लिहायचा आणि खाली दोन सह्या. एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. बारा वर्षांत त्या वहीच्या अकरा वह्या झाल्या आणि ती दुपार परत आली नाही.

नव्या दालनासाठी बाईंनी दुसरी रीत सुचवली होती. बीजीपी. बाहेरच्या मोठ्या जगात, एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जाताना, ती केव्हापासून चालत आली होती. ती दालनाच्या आत आणायची, हे इथं नवं होतं. हिच्यात प्रत्येक स्विचला स्वतःचा एक नंबर असतो आणि कुणी सगळ्यांना ओरडून सांगत नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्याला सांगतो की अमुक पत्ता माझ्याकडून गाठता येईल, आणि ही खबर कुणाकुणाकडून आली त्यांचे नंबर हे असे. शेजाऱ्यानं ऐकायचं, नंबर वाचायचे, पटलं तर घ्यायचं, नाही तर सोडून द्यायचं. तिच्यात एक फार शहाणा नियम आहे. आलेल्या खबरेत आपलाच नंबर दिसला तर ती खबर फेकून द्यायची. कारण ती आपणच कधीतरी सांगितलेली गोष्ट, गावभर फिरून आपल्याच दारात आलेली. बाईंनी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना आपल्या माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं.

साहेब म्हणजे या डेटा सेंटरचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, सावध, खुर्चीच्या कडेवर बसणारा माणूस. ते म्हणाले, "बाई, मला दोन्हींतलं काही कळत नाही असं समजा. चाचणीच्या खोलीत सोळा कपाटं मांडा. सोळांतला प्रत्येक जण उरलेल्या प्रत्येकाशी बोलला पाहिजे. शुक्रवारी चार वाजता मला दाखवा. झालं तर तुमची रीत. नाही तर पाहुण्यांनी जुन्या रीतीचा आराखडा तयार ठेवलाय, तो घेतो."

हे पाहुणे म्हणजे बाहेरून सहा आठवड्यांसाठी बोलावलेले सल्लागार. पाहुणा सहा दिवसांत जातो, हे सहा आठवडे राहणार होते, म्हणून सगळे त्यांना पाहुणे म्हणत. चाळिशी उलटलेली, आवाज मऊ. स्वतःचा झाकणाचा कप घेऊन हिंडत. रिकाम्या खोलीच्या दारावरही टकटक करून आत जात. "रिकाम्या खोलीला कसली परवानगी मागतो हा माणूस?" बाईंनी पहिल्याच दिवशी घरी विचारलं होतं.

"सवय असेल," यजमान म्हणाले.

"कसली सवय? अहो, आत कुणी आहे की नाही ते बघायची सवय."

तिथूनच पाल चुकचुकायला लागली.

सोळांपैकी सात नंबरच्या कपाटाचा स्विच खोक्यातून पोचा पडलेला निघाला, म्हणून परत पाठवावा लागला. त्याच्या जागी दुसरा यायला आठवडा गेला आणि तो आला सोमवारी. चाचणीच्या दोनच दिवस आधी. तारा ओढणारे जोडारी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी तो कपाटावर चढवला. बाईंनी संगणकावरून त्याला नाव, पत्ते आणि नंबर घातले, जेवून आल्यावर वहीत लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या सहीची जागा मोकळी होती. मामांना तारांपलीकडलं कळत नव्हतं. ते अशा कागदांवर सही करत नसत. इतक्यात दारावर टकटक झाली.

"बाई, दुसरी सही राहिलीये वाटतं," पाहुणे म्हणाले. "मी करू का? यादी एकदा वाचतो आणि करतो."

बाईंनी वही हळूच मिटली. ज्याचा आराखडा आपल्या विरोधात तयार, त्याला आपली यादी वाचायची आहे. आणि वर आपल्या कामाखाली स्वतःचं नाव लावायचं आहे.

"भरलीये ती जागा," बाई म्हणाल्या.

"बरं. सात आणि अकरा जरा..."

"आमच्या यादीचं आम्ही बघू. तुमचा आराखडा झाला का पुरा?"

पाहुण्यांनी कपाचं झाकण एकदा फिरवलं आणि ते गेले. बाईंनी पर्समधून दुसरं पेन काढलं. पहिली सही निळी होती. दुसरी त्यांनी काळ्या शाईत केली. बारा वर्षांत पहिल्यांदा वहीत एकाच हाताच्या दोन सह्या पडल्या. मामांनी ते पाहिलं आणि तारांचा गुंडाळा खांद्यावर टाकत म्हणाले, "बाई, नवरदेव आणि भटजी एकच झाला की हो."

"तुम्ही तारा बघा, मामा."

बुधवारी चाचणी झाली. सोळा कपाटांच्या जोड्या होतात एकशे वीस. बाई एकेक जोडी घेत होत्या, पडद्यावर हिरवी ओळ आली की कागदावर बरोबरची खूण करत होत्या. एकशे एकोणीस खुणा झाल्या. एक जागा कोरी राहिली. सात आणि अकरा.

सात सगळ्यांशी बोलत होता. अकरा सगळ्यांशी बोलत होता. फक्त ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. लाल दिवा नाही, तक्रार नाही. एका मांडवात बसलेले, एकमेकांकडे पाठ फिरवलेले दोन व्याही जसे. बाईंनी तारा बदलल्या. मामांनी टोकं पुसून लावली. सातशी बोलणारे चौदा, अकराशी बोलणारे तेच चौदा. मधले चारही मोठे स्विच ठणठणीत.

"बिघाड असा नसतो," बाई पुटपुटल्या. "बिघाड आंधळा असतो. तो असं दोघांना निवडून काढत नाही."

आणि मग त्यांना सोमवारचे शब्द आठवले. सात आणि अकरा जरा. दोन दिवस आधी, नेमके हेच दोन आकडे, या माणसाच्या तोंडात आले कुठून?

बाईंनी दाराच्या कार्डाची नोंद काढली. चाचणीच्या खोलीचं दार कार्डाशिवाय उघडत नसे आणि कोण केव्हा आत गेलं ते दार लिहून ठेवी. सोमवार, बारा चाळीस, पाहुणे. बाहेर बारा एक्कावन्न. अकरा मिनिटं. आणि त्या वेळी बाई जेवायला गेल्या होत्या.

"मामा, तुम्ही होतात तेव्हा?"

"होतो ना. खाली बसून तारांना चिठ्ठ्या लावत होतो."

"काय करत होते ते?"

"बघत होते."

"काय?"

"मधल्या मोठ्या स्विचचा पडदा. हात पाठीमागे बांधलेले. कप खाली ठेवलेला." मामांनी डोकं खाजवलं. "बाई, माणूस हात पाठीमागे बांधून काय चोरणार?"

"हातानं चोरतात ते भुरटे," बाई म्हणाल्या.

"मग काय तर. डोळ्यानं चोरणारे तुमच्या यजमानांकडे पाठवा."

बाईंना थट्टा सुचत नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळा प्रवेश उभा राहिला होता. खलनायक विंगेतून येतो, इकडे तिकडे बघतो, कप खाली ठेवतो. एकशे वीसांतली एकच जोडी तोडली की काम फत्ते. साहेबांची अट मोडली, जुना आराखडा टेबलावर. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"कुणीतरी हात घातलाय," त्या म्हणाल्या.

साहेब खुर्चीच्या आणखी कडेला आले. "नाव घ्या."

बाईंनी नाव घेतलं नाही. दाराची नोंद टेबलावर ठेवली. नोंदीत नाव होतंच.

साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, परत घातला. "पुरावा आहे का?"

"शुक्रवारपर्यंत देते."

"तोवर त्यांचं कार्ड बंद ठेवतो," साहेब म्हणाले. "गाजावाजा नको. खाली स्वागतकक्षात बसतील, घरूनही काम करतील. कुणाला काही बोलू नका."

गुरुवारी सकाळी यजमान दुकानाच्या किल्ल्या शोधत होते आणि बाई आरशासमोर उभ्या राहून केसांत पिना खोचत होत्या.

"म्हणजे पाहुण्याला घराबाहेर काढलंस," यजमान म्हणाले.

"मी नाही काढलं. साहेबांनी काढलं."

"अगं, पण पुरावा?"

"मिळेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"असं होत नाही. पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं."

"कळतं खरं. मागच्या वर्षी दूधवाला पाणी घालतो म्हणून तू तीन दूधवाले बदललेस. शेवटी आपलं पातेलंच गळकं निघालं."

"पहिला घालतच होता," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून कुलपाकडे निघाल्या.

गुरुवार पुराव्याच्या शोधात गेला. पाहुण्यांनी एकाही स्विचमध्ये काही बदललेलं सापडेना. कोण कधी आत शिरलं, काय टंकलं, याची प्रत्येक स्विचकडे नोंद असते. तीत सगळीकडे एकच नाव होतं आणि ते बाईंचं. बाईंना उलट खात्रीच पटली. ज्यानं पाऊलखूणसुद्धा ठेवली नाही तो किती पोचलेला असेल.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. माणसाचा माग लागत नाही तर खबरेचा माग काढू. अकरा आपला पत्ता सांगतो. ती खबर मधल्या चौघांकडे पोचते का? पोचत होती. चौघे ती सातला देतात का? देत होते. सातच्या दारापर्यंत खबर येत होती. मग आत जाऊन तिचं काय होतं? सातला काय काय ऐकू आलं आणि त्यातलं त्यानं काय टाकून दिलं, हे दाखवायला बाईंनी सांगितलं. पडद्यावर ओळी सरकल्या. अकराची खबर तिथंच होती, टाकून दिलेल्यांत. शेजारी ती कुणाकुणाकडून आली त्यांचे नंबर होते. मधल्या स्विचचा नंबर, आणि त्याच्यापुढे ती मुळात सांगणाऱ्याचा.

सांगणाऱ्याचा नंबर होता सात.

बाईंनी ओळ परत वाचली. मग अकरावर जाऊन तेच विचारलं. तिथं सातची खबर टाकून दिलेली होती, आणि तिच्यावरही नंबर सात.

त्या हळूच खुर्चीला टेकल्या. दोघांचा नंबर एक होता. सातनं अकराची खबर वाचली, तीत स्वतःचा नंबर पाहिला आणि नियमाप्रमाणे फेकून दिली. अकरानं सातची फेकली. दोघेही प्रामाणिक, दोघेही सावध, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरून येतोय तो आपलाच आवाज.

वही उघडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उघडली. गेल्या आठवड्यातल्या बुधवारचं पान. कपाटाला कपाटाचाच नंबर द्यायचा, असं ठरलं होतं. पण अकरा हा नंबर जुन्या दालनात, बाहेरच्या जाळ्यांशी बोलायला, आधीच वापरात होता. उद्या दोन्ही दालनं जोडली तर घोटाळा होईल, अशी शंका बाईंना आली होती. शंका रास्त होती. म्हणून त्यांनी अकराच्या कपाटाला दुसरा नंबर शोधला. त्या दिवशी सातचा स्विच परत गेलेला होता, सात मोकळा होता. तात्पुरता म्हणून तो अकराला दिला. सोमवारी नवा स्विच आला तेव्हा सातला सात. त्यात बघायचं काय? नट आजारी पडला म्हणून त्याचा अंगरखा दुसऱ्याला चढवावा, आणि ऐन प्रयोगात मूळ नट बरा होऊन त्याच वेशात दुसऱ्या विंगेतून यावा, तसं झालं होतं. आणि सोमवारचं पान याच्याशी ताडून कुणी हात वर केला असता तर तो दुसरी सही करणाऱ्यानं. तिथं काळ्या शाईत खात्रीबाई होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर गावातल्या माणसावर चोरीचा आळ.

घड्याळात साडेअकरा झाले होते. चार वाजायला बराच अवकाश होता.

अकराला नवा नंबर द्यायला दोन मिनिटं पुरली असती. मग एकशे वीस जोड्या, एकशे वीस खुणा. पाहुणे खाली, कार्ड बंद. जुना आराखडा मांडायला कुणी नाही. साहेब विचारतील, काय केलं होतं हो त्यांनी? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर तेवढं तयार करावं लागलं असतं.

बाई खुर्चीत तशाच बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांवर संशय घेतला होता. शेजाऱ्यांवर, सुनेच्या माहेरावर, कुलपांवर. पण जे दिसलं नाही ते दिसलं असं कधी सांगितलं नव्हतं. संशय घेणाऱ्याचं तेवढंच एक भांडवल असतं. ते गेलं तर उरते ती नुसती चुगली. त्यांनी वही उचलली आणि जिना उतरायला लागल्या.

स्वागतकक्षात काचेच्या भिंतीशी तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत पाहुणे बसले होते, मांडीवर संगणक, पायाशी कप. बाईंना बघून ते उभे राहिले.

"बसा," बाई म्हणाल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या. "सोमवारी अकरा मिनिटं आत काय करत होतात?"

"मोठ्या स्विचवर कोण कोण शेजारी आहेत ती यादी वाचत होतो. त्यात सात दोनदा दिसला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, आमच्या यादीचं आम्ही बघू."

"मोठ्यानं सांगायचं."

"बाई, मी तुमच्या विरुद्ध बाजूचा माणूस. मोठ्यानं सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, साहेबांना ऐकू जावं म्हणून ओरडतोय."

बाईंनी विचार केला. तसंच वाटलं असतं.

"म्हणून सही मागितलीत?"

"सही करताना वाचता आलं असतं. म्हटलं, चौघांत बोलण्यापेक्षा वहीतल्या वहीत मिटेल."

"तुमचं कार्ड माझ्यामुळे बंद झालंय," बाई एका दमात म्हणाल्या. "मी तुमचं नाव दिलं. नाव असं घेतलं नाही, पण दिलं. चूक माझी आहे, सात अकराला मीच दिला होता. आता वर चला."

पाहुण्यांनी कप उचलला. झाकण घट्ट केलं. "कार्ड चालत नाही माझं."

"माझ्या मागून या," बाई म्हणाल्या. मग दाराशी थांबून त्यांनी मागं पाहिलं. "पण खरं सांगा. रिकाम्या खोलीवर टकटक कशाला करता?"

"आधीच्या ठिकाणी एक बाई आत एकट्या असल्या की फार दचकायच्या," पाहुणे म्हणाले. "तेव्हापासून."

बाईंना हे पटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

चार वाजता साहेबांच्या खोलीत तिघं बसली. दाराशी मामा उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नाही. बाईंनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं. इथं चुकले. इथं दोन सह्या माझ्याच. यांनी काही केलेलं नाही. त्या थांबल्या. एवढं बोलायला त्यांना पंचवीस वर्षांतल्या कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त दम लागला होता.

साहेबांनी निळी आणि काळी, दोन्ही सह्या नीट पाहिल्या. "हा नियम तुम्हीच करून घेतला होतात ना?"

"हो."

"आणि अट माझी होती. प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलला पाहिजे. चार वाजले, अजून सात अकराशी बोलत नाही." साहेब पाहुण्यांकडे वळले. "तुमचा आराखडा आणलाय?"

"आणलाय," पाहुणे म्हणाले. "पण आधी एक सांगू? हीच चूक जुन्या रीतीत झाली असती तर काय झालं असतं, ते."

बाईंची मान वळली. आला, त्यांच्या मनात आलं. आता येतोय आपल्यावर.

"जुन्या रीतीतही प्रत्येक स्विचची एक ओळख असते. चुकून दोघांची ओळख एक झाली, तर दोघेही त्याच नावानं सगळ्यांना खबर देत राहतात. हा म्हणतो मी इथं, तो म्हणतो मी तिथं. प्रत्येक खबरेसरशी सगळे आपापला नकाशा खोडतात आणि परत काढतात. सोळाच्या सोळा. ते थांबतच नाही." पाहुण्यांनी आपल्या आराखड्यावर हात ठेवला, उघडला नाही. "बाईंच्या रीतीत दोघे गप्प झाले. चौदा जण काम करत राहिले. चूक जिथं झाली तिथंच राहिली."

"म्हणजे यांची रीत बरी?" साहेबांनी विचारलं.

"एक खोट आहे. जुनी रीत चुकली की बोंब ठोकते. ही गप्प बसते. शोधणाऱ्यानं शोधलं नाही तर महिनोन् महिने कळायचं नाही." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "पण तुमच्याकडे शोधणारं माणूस आहे. या दालनापुरतं मला विचाराल, तर ही घ्या."

मामा दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. बाई पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. याला यात काय मिळालं? सहा आठवड्यांचा आराखडा स्वतःच्या हातानं बाजूला सारणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. अशा माणसावर नेमका कुठून संशय घ्यायचा, हे त्यांना कळेना, आणि त्यामुळेच तो जास्त आला.

साहेब पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. "रीत बाईंची," ते म्हणाले. "नंबरांची यादी मात्र आजपासून पाहुण्यांकडे. बाई, तुमची रीत घ्यायची तर हे घ्यावं लागेल. चालेल?"

बाईंना वाटलं, नाही म्हणावं. यादी म्हणजे त्यांचा उजवा हात होता. त्या वहीकडे बघत राहिल्या, काळ्या सहीवर नजर थांबली, आणि त्यांनी वही पाहुण्यांच्या बाजूला सरकवली. सरकवताना दोन बोटं मात्र जरा जास्त वेळ तिच्यावर राहिली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण लिहिताना मी शेजारी बसणार."

"बसाच," पाहुणे म्हणाले. "मी वाचतो, तुम्ही पडद्यावर बघा."

चाचणीच्या खोलीत मामांनी तिसरी खुर्ची ओढून आणली आणि स्वतःच तिच्यावर बसले. "एवढी वर्षं तारा ओढल्या," ते म्हणाले, "बाईंची कुणी शिकवणी घेताना पाहायचं राहून गेलं होतं."

पाहुण्यांनी नवी यादी लिहिली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं कपाट, नंबर एक. दुसरं कपाट, नंबर दोन. बाई एकेका आकड्यावर पडद्याला बोट लावत होत्या. सातव्याशी पाहुण्यांचा आवाज किंचित अडला.

"थांबू नका," बाई म्हणाल्या. "पुढे."

आठ, नऊ, दहा. "अकरावं कपाट," पाहुणे म्हणाले, "नंबर सतरा. या यादीत कुणाकडेच नाही, जुन्या दालनातही नाही. बघून घेतलंय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. यादीकडे पाहिलं. मग जरा पुढे झुकून पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे, आणि परत यादीकडे.

"पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या.